एका दाताची हकीकत

आमचा पुढचा दात गेल्या वर्षीच्या संक्रांतीस पडला. 'पडला' हे क्रियापद लिहिताना आमच्यातील मराठीचा शिक्षक किंचित अडखळतो; कारण तो आपण होऊन पडला नाही, तिळाच्या वडीने त्यास पाडले. मंडळाच्या सभागृहात हळदीकुंकवाचा समारंभ आटोपत आला होता, पुरुषमंडळी मागच्या खुर्च्यांवर गप्पा मारीत बसली होती, आणि आम्ही कोणास तरी 'तिळगूळ घ्या, गोड बोला' असे म्हणून आपलीही एक वडी दातांखाली धरली. कट्‌ असा आवाज झाला. पाक जरा चढला असावा असे प्रथम वाटले. हातावर घेऊन पाहतो, तो वडीच्या तुकड्याबरोबर आमचाही एक तुकडा निघालेला! उरलेली संध्याकाळ आम्ही तोंडावर रुमाल धरून काढली. गोड बोलणे दूरच राहिले, साधे बोलणेही बंद झाले.

ह्या दाताचा पूर्वेतिहास सांगणे आवश्यक आहे. आम्ही नववीत असताना क्रिकेटचा चेंडू तोंडावर बसला होता. इंदुरात शासकीय दंत महाविद्यालय १९६१ सालापासून आहे. तेथे वडिलांनी आम्हांस नेले आणि तेथील डॉक्टरांनी दाताची नस काढून मूळ भरून दिले. असा निर्जीव दात त्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ आमच्या तोंडात इमानाने उभा होता. सरकारी नोकरीत इतकी सेवा झाली असती, तर त्यास निवृत्तिवेतन लागू झाले असते. परंतु नस काढलेला दात वयोमानाने ठिसूळ होतो. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितले, की दात नुसता तुटलेला नाही, मूळही उभे चिरलेले आहे. चिरलेल्या मुळावर टोपी बसवता येत नाही. दुसऱ्याच दिवशी तो काढावा लागला.

एक दात गेला त्यात एवढे काय, असे वाचकांस वाटेल. आमचा सारा दिवस हिंदीत जातो. शाळा सरकारी, माध्यम हिंदी. प्रार्थनेपासून परिपत्रकापर्यंत सर्व व्यवहार त्याच भाषेत. मराठी उरते ती घरात, आणि रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात. तेथे आम्ही पंधरा-वीस मुलांस मराठी वाचावयास शिकवतो. ही मुले इंदुरात रुजलेल्या घरांतील चौथ्या-पाचव्या पिढीची. त्यांना मराठी कळते, थोडीफार बोलताही येते. परंतु 'च' आणि 'ज' ह्यांचे दोन उच्चार त्यांच्या जिभेवर बसत नाहीत. 'चार' आणि 'चंद्र' ह्यांतील च ती बिनचूक म्हणतात, कारण तो हिंदीतही आहे. 'चूल', 'चाक', 'चोर' ह्यांतील च मात्र जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी नेल्यावाचून निघत नाही. व्याकरणकार त्यास दंततालव्य म्हणतात. आम्ही त्यास घरचा च म्हणतो. आपले दात दाखवून तो शिकवण्याचा आमचा परिपाठ आहे. त्या रविवारी फळ्यावर 'चूल' लिहिले आणि म्हणून दाखवले, तेव्हा फटीतून बारीक शिट्टी वाजली. पहिल्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "सर, आता तुम्हांलाही येत नाही!" सगळा वर्ग हसला. आम्हीही हसलो, परंतु घरी परतताना ते हसू टिकले नाही.

दात बसवावयाचाच, असे ठरले. कसा बसवावयाचा, ह्याचा शोध घेताना तीन वाटा दिसल्या. पहिली वाट कवळीची. एका दाताचीही कवळी होते. ती स्वस्त, लवकर होणारी, परंतु रात्री काढून ठेवावी लागते आणि जेवताना हलते. दुसरी वाट पुलाची. गेलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात घासून लहान करतात, त्यांवर टोप्या बसवतात आणि मधला दात त्या टोप्यांच्या आधाराने जोडलेला असतो. हे काम एक-दोन आठवड्यांत होते आणि पक्के असते. परंतु शेजारचे दात धडधाकट असतील, तर एकासाठी दोघांचे अंग तासावे लागते. तिसरी वाट रोपणाची, जिला सर्वत्र इम्प्लांट म्हणतात. तीत जबड्याच्या हाडात टायटेनियम धातूचा मुळासारखा स्क्रू रोवतात. तो हाडात पक्का झाला, की त्यावर एक लहानसा खुंट बसवतात आणि खुंटावर दाताची टोपी. म्हणजे मूळ, खुंट आणि टोपी असे तीन भाग. शेजाऱ्यांस धक्का लागत नाही, हा ह्या वाटेचा मोठा गुण. दुसरा गुण असा, की दात गेल्यावर त्या जागचे हाड, राबता नसलेल्या घरासारखे हळूहळू खचू लागते. रोवलेल्या मुळावर चावण्याचा भार येत राहिल्याने ते बरेचसे टिकून राहते.

ही विद्या कशी जन्मली, ती कथा आमच्या मास्तरी मनास फार भावली. १९५२ साली स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशांच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी टायटेनियमची एक नळकांडी हाडात बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती मोलाची वस्तू परत काढून घ्यावी म्हणून पाहतात, तो ती निघेना! हाड आणि धातू एकमेकांस घट्ट धरून बसले होते. दुसऱ्या एखाद्याने वैतागून हत्यार चालवले असते. ब्रोनेमार्क ह्यांनी विचार चालवला. टायटेनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो, शरीर त्यास परके मानीत नाही आणि हाडाच्या पेशी थेट त्यास लागून वाढतात. ह्या क्रियेस 'ऑसिओइंटिग्रेशन' असे भारदस्त नाव मिळाले. आम्ही आपल्यापुरते 'अस्थिमीलन' म्हणतो. १९६५ साली गॉथेनबर्ग येथे योस्टा लार्सन नावाच्या गृहस्थाच्या जबड्यात अशी पहिली रोपणे केली गेली. जन्मतःच त्याच्या जबड्यात दोष होता. २००६ साली तो वारला, तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याने ती वापरली. तरीही वैद्यकजगताने ही गोष्ट सहजासहजी मानली नाही. १९८२ साली टोरांटो येथे भरलेल्या परिषदेनंतर ती सर्वत्र मान्य होऊ लागली. पहिल्या सशापासून मोजले, तर तीस वर्षे झाली.

ह्या कथेतील मर्म आम्हांस त्या वेळी नीटसे उमगले नव्हते. दात विकत घेता येतो, अस्थिमीलन विकत घेता येत नाही. ते ज्याच्या त्याच्या हाडाने, आपल्या सवडीने करावयाचे असते. वैद्याचे कौशल्य त्या हाडास योग्य संधी देण्यात आणि मग थांबण्यात आहे. हे न कळल्यामुळे आम्ही प्रथम जेथे गेलो, तेथे भलत्याच गोष्टींनी भारावलो.

ते स्थान नव्या वस्तीत होते. काचेची दारे, थंडगार हवा, भिंतीवर हसऱ्या स्त्रीपुरुषांची मोठमोठी चित्रे. आमच्याशी बोलावयास डॉक्टर आले नाहीत. एक टापटीप पोशाखातील तरुणी आली. तिने दर छापलेला रंगीत कागद पुढे ठेवला. अठरा हजारांत रोपण, तीन दिवसांत दात, आजीवन हमी, आणि आजच आगाऊ रक्कम भरल्यास आणखी सवलत! आम्ही विद्यार्थ्यांस आयुष्यभर 'प्रश्न विचारा' असे सांगत आलो. त्या खुर्चीवर मात्र आमचीच वाचा बसली. फटीतून शिट्टी वाजेल ह्या लाजेने आम्ही माना डोलावीत राहिलो. खिशातून पाकीट निघालेही होते. तेवढ्यात बरोबर आलेली आमची सौ. म्हणाली, "अहो, ह्यांनी तुमच्या साखरेचं काही विचारलंच नाही." गेली नऊ वर्षे आम्हांस मधुमेह आहे. तरुणीने हसून सांगितले, की त्याने काही अडत नाही. सौभाग्यवतीने आमचे पाकीट आमच्याच खिशात परत घातले. जिना उतरताना आम्ही त्या कागदाच्या तळाची बारीक अक्षरे वाचली. अठरा हजारांत केवळ हाडातला स्क्रू होता. खुंट, टोपी, स्कॅन आणि हाड कमी पडल्यास त्याची भर, हे सर्व वेगळे. आजीवन हमी होती तीही त्या स्क्रूपुरतीच. तो निखळला तर दुसरा स्क्रू मिळेल, पुन्हा करावयाच्या शस्त्रक्रियेचा खर्च आपला आणि गेलेले हाड तर कोणीच परत देणार नाही.

येथे न्यायाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत दात बसवणे ही सर्वस्वी फसवणूक नव्हे. हाड भरपूर आणि घट्ट असेल, स्क्रू पहिल्याच दिवशी भक्कम बसला असेल, तर निवडक रुग्णांत तसे करता येते. परंतु ते तोंड तपासून ठरावयाचे असते; तोंड उघडण्यापूर्वीच कागदावर छापावयाचे नसते.

दुसरे ठिकाण एका स्नेह्यांनी सुचवलेले. दंतवैद्य सज्जन, दवाखाना स्वच्छ, दरही वाजवी. ह्या खेपेस आम्ही घरून प्रश्न लिहून नेले होते. शस्त्रक्रिया आपणच करणार ना, असे विचारले. ते प्रांजळपणे म्हणाले, की आपण करीत नाही, त्यासाठी बाहेरगावाहून एक तज्ज्ञ महिन्यातील दोन रविवारी येतात. ही पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे आणि ती स्वतः वाईट नाही. परंतु आमच्या मनात आले, रविवारी स्क्रू बसला आणि मंगळवारी गाल सुजला, तर पाहावयाचे कोणी? त्यावर त्यांच्यापाशी समाधानकारक उत्तर नव्हते. आम्ही आभार मानून निघालो.

तिसरा दवाखाना जुन्या वस्तीत, अरुंद जिन्यावर. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, शल्यचिकित्सेतील पदव्युत्तर पदवी घेतलेल्या. राज्याच्या दंतपरिषदेकडील नोंदणीचे प्रमाणपत्र नोंदणीक्रमांकासह भिंतीवर टांगलेले. त्यांनी आमचे तोंड उघडण्याआधी वीस मिनिटे प्रश्न विचारले. मधुमेह किती वर्षांचा, कोणत्या गोळ्या चालू आहेत, रक्त पातळ करणारे औषध आहे काय, विडी-सिगारेट-तंबाखू, हृदयाचा काही विकार, हाडांसाठी काही औषध, रात्री दात खाण्याची सवय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याऐवजी सौभाग्यवतीने दिले. सरकारी शाळेचा मुख्याध्यापक दिवसभर ज्यांच्यावर दातओठ खाऊ शकत नाही, त्यांच्यावर रात्री खातो, हे तिला ठाऊक होते.

मग तपासणी झाली. साध्या एक-रेषी एक्स-रेत हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. म्हणून जबड्याचा त्रिमिती स्कॅन काढावा लागला. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना पुरवणारी नस जाते, वरच्या दाढांच्या माथ्यावर नाकाशेजारची पोकळी असते. त्यांपासून किती अंतर आहे, हे ह्या स्कॅनने कळते. आमच्या बाबतीत प्रश्न निराळा होता. पुढच्या दातांच्या ओठाकडील बाजूचे हाड मुळातच पातळ असते, आणि चिरलेल्या मुळाने ते आणखी झिजवले होते. तेव्हा स्क्रू बसवताना हाडाच्या भुकटीची भर घालावी लागेल, असे त्यांनी स्कॅनवर दाखवून सांगितले. रक्तातील तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी केली, ती ८.९ निघाली. अशा साखरेत जखम सावकाश भरते आणि जंतुदोषाचे भय वाढते. "पहिले शुगर सात के आसपास लाइए," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर, जल्दी किस बात की है?"

ज्या दवाखान्यात आम्हांस पैसे न घेता परत पाठवले, त्यावरच आमचा विश्वास बसला.

त्यांनी एका कागदावर तिन्ही वाटांचा खर्च आपल्या अक्षरात लिहून दिला. रोपणाचा आकडा स्क्रू, भुकटी, खुंट, टोपी आणि पुढील तपासण्या धरून बेचाळीस हजार. अठरा हजारांपुढे तो मोठा दिसला. परंतु त्या रंगीत कागदातील वेगळे खर्च मिळवून पाहिले, तेव्हा दोहोंत फारसे अंतर उरले नाही. तेवढ्या काळापुरती एका दाताची काढघाल कवळी मिळाली. ती लावून आम्ही शाळेत जाऊ लागलो. चार महिने संध्याकाळी फिरणे, जेवणातून भात निम्मा, आणि इंदुरी माणसास जी शिक्षा सर्वांत कठोर ती, म्हणजे सकाळच्या पोह्यांबरोबरची जिलेबी बंद. मे महिन्याअखेर आकडा ७.१ वर आला.

उन्हाळ्याच्या सुटीत, जूनच्या आरंभी शस्त्रक्रिया झाली. भय फार होते; प्रत्यक्षात हिरडी बधिर केल्यावर यंत्राची थरथर आणि दाब तेवढा जाणवला. अवजारांच्या मोहोरबंद पिशव्या आमच्यासमोर फोडल्या. पाऊण तासात टाके घालून मोकळे केले. दोन दिवस गालावर बर्फ, आठवडाभर मऊ भात, शेव अर्थातच वर्ज्य. निघताना एक छोटे कार्ड मिळाले. त्यावर स्क्रू बनवणाऱ्या कंपनीचे नाव, लांबी-जाडी आणि उत्पादन क्रमांक होता. आमच्यासारख्यांची मुले पुण्यास नाहीतर बंगलोरला असतात, निवृत्तीनंतर आपणही कोठे जाऊ सांगता येत नाही. पुढे परगावी त्या दाताचे काही काम निघाले, तर तेथील डॉक्टरांस हे कार्डच उपयोगी पडावयाचे. ते आम्ही सेवापुस्तिकेशेजारी ठेवले आहे.

मग थांबणे. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने लागतात, वरच्याचे हाड मऊ असल्याने अधिक. त्यात आमची भर घातलेली. साडेपाच महिने आमच्या हिरडीखाली काही घडत होते आणि आम्हांस त्याची कणभरही जाणीव नव्हती.

ह्याच काळात एक गोष्ट घडली. ती लिहावी की नाही, ह्याचा आम्ही बराच विचार केला.

सप्टेंबरात टाक्यांची जागा दाखवावयास गेलो असता डॉक्टरीणबाई सहज सौभाग्यवतीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "भाभीजी, आप भी बैठिए, देख लेते हैं." ती नको नको म्हणत होती. बळेच बसवले. क्षणभर पाहून त्यांनी विचारले, की डाव्या बाजूने जेवणे केव्हापासून सोडले? ती काही बोलेना. मग हळूच म्हणाली, "पाच वर्षं झाली असतील."

खालची डावी दाढ पाच वर्षांपूर्वी काढली होती, हे आम्हांस ठाऊक होते. म्हणजे त्या दिवशी आम्ही शाळेतून आल्यावर तिने सांगितले होते. त्या वर्षी मुलाच्या अभियांत्रिकीचे शुल्क भरावयाचे होते. दाढ बसवण्याचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली होती, "मागची तर आहे. कोणाला दिसते?" आम्हांस ते पटले होते. इतके पटले, की पुन्हा तो विषय आम्ही काढला नाही. आता एकेक गोष्ट आठवू लागली. दिवाळीचा चिवडा ती खात नसे. तळलेले सोसत नाही, म्हणे. पेरू बारीक चिरून घेई. भाकरी आमटीत कुस्करी. पाच वर्षे आम्ही तिच्यासमोर पाट मांडून जेवलो आणि आम्हांस दिसले नाही. आमचा दात पुढचा होता, तो लोकांस दिसत होता. त्यासाठी तीन दवाखाने पालथे घातले, स्वीडनचा इतिहास वाचला. तिची दाढ मागची होती.

घरी येताना रिक्षात आम्ही एवढेच म्हणालो, "सांगायचं नाही का?" ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत कुठे?" ह्यावर पदव्युत्तर मराठीतही उत्तर सापडेना.

दुसऱ्याच आठवड्यात तिची रीतसर तपासणी केली. गेलेल्या दाढेखालचे हाड खचले होते. समोर आधार न उरल्याने वरची दाढ खाली उतरली होती. आमच्या मनात आले, खर्च होवो, हिलाही रोपणच करू; प्रायश्चित्ताचा तो आमचा हिशेब होता. डॉक्टरीणबाईंनी तो मानला नाही. सौभाग्यवतीस हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा उपाशीपोटी घ्यावयाची गोळी चालू आहे. ह्या वर्गातील औषधे चालू असता जबड्याच्या हाडावरील जखम क्वचित भरत नाही आणि मोठा त्रास होतो; म्हणून हाडांच्या डॉक्टरांस विचारल्यावाचून जबड्यात हात घालू नये. आपल्या मनाने गोळी बंद करणे तर त्याहून घातक. शिवाय फटीच्या दोन्ही बाजूंच्या दाढा आधीच मोठ्या प्रमाणात भरलेल्या होत्या आणि त्यांस टोप्यांची गरज होतीच. अशा वेळी पूलच योग्य, असे त्यांनी सांगितले. वरची उतरलेली दाढ थोडी घासून समतल केली आणि तीन आठवड्यांत पूल बसला. खर्च रोपणाच्या निम्म्याहून थोडा कमी. जे विकून अधिक पैसे मिळाले असते, ते त्यांनी विकले नाही. दवाखान्याची ह्याहून मोठी परीक्षा आम्हांस ठाऊक नाही.

डिसेंबरात आमच्या खुंटावर टोपी चढली. रंग निवडताना शुभ्र नमुना आम्हांस आवडला होता. परंतु डॉक्टरीणबाईंनी शेजारच्या दातांवरील तीस वर्षांच्या चहाचा रंग बरोबर जुळवला. रात्री दात खाल्ले जाऊ नयेत म्हणून एक पारदर्शक साचा दिला. आणि बजावून सांगितले, की हा दात किडणार नाही म्हणून निर्धास्त राहू नका. हिरडीचा रोग ह्याच्याभोवतीही होतो, तो हाड खातो, आणि दुखत नसल्याने उशिरा कळतो. खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची नाजूक गादी असते, तिच्यामुळे खडा चावला की तत्काळ कळते. ह्यास ती नाही. तेव्हा दोन वेळा ब्रश, फटीत बारीक ब्रश, आणि दर सहा महिन्यांनी दाखवणे. अशी निगा राखली आणि प्रकृती बरी राहिली, तर दहा वर्षांनंतरही शंभरांतील नव्वदांहून अधिक रोपणे पक्की असतात.

आमच्या परिचयात आता कोणाचा दात पडला, की ते आमच्याकडे येतात. आम्ही त्यांस कोणा दवाखान्याचे नाव सांगण्याऐवजी प्रश्न लिहून देतो. शस्त्रक्रिया कोण करणार, त्यांचे शिक्षण आणि नोंदणी काय, आणि नंतर अडचण आली तर पाहणार कोण? माझ्या आजारांची आणि औषधांची चौकशी झाली काय? रोपणाखेरीज दुसरी वाट माझ्यासाठी का नाही? त्रिमिती स्कॅन माझ्यासमोर समजावून दिला काय? सगळा खर्च एका कागदावर लिहून मिळेल काय, आणि हमी नेमकी कशाची? स्क्रूचे कार्ड मिळेल काय? ज्यांस खर्च झेपत नाही, त्यांस दंत महाविद्यालयात चौकशी करावयास सांगतो. तेथे पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, खेपा अधिक पडतात, खर्च पुष्कळ कमी येतो. आणि जो आज सही करा म्हणतो, त्यास उद्या येतो असे सांगून यावे.

आणखी एक प्रश्न आम्ही कागदावर लिहीत नाही, तोंडी सांगतो. आज रात्री जेवताना घरातील माणसांकडे एकदा पाहा. कोण एकाच बाजूने चावते, कोणाच्या पानात भाकरी कुस्करलेली आहे, कोणास अलीकडे चिवडा 'सोसेनासा' झाला आहे. आई असेल, वडील असतील, पत्नी असेल. ती आपण होऊन सांगणार नाहीत. विचारावे.

यंदाच्या संक्रांतीस रविवारच्या वर्गात फळ्यावर पुन्हा 'चूल' लिहिले. शिट्टी वाजली नाही. त्या चुणचुणीत मुलीने तीनदा प्रयत्न केला आणि तिसऱ्यांदा तिचाही च जवळजवळ घरचा निघाला. दुपारी घरी आलो, तो सौ. वड्या कापीत होती. तिने एक आमच्या हातावर ठेवली आणि एक आपल्या तोंडात टाकली. आम्ही आपली वडी हातातच धरून पाहत राहिलो.

"काय पाहता?" तिने विचारले.

"काही नाही," आम्ही म्हणालो. ती डाव्या बाजूने चावत होती.